एकाच साडीवर दोन दिवे

पडदा वर जातो तेव्हा समोर एक जाड काच दिसते. काचेच्या अलीकडे अंधुक खोली, तिच्यात संगणकाचे दोन मोठे पडदे, आणि त्या पडद्यांच्या निळसर उजेडात बसलेली एक तरुण डॉक्टरीण. काचेच्या पलीकडे सगळं पांढरंशुभ्र. मधोमध माणसाच्या उंचीचं गोल कडं, कड्यातून आतबाहेर सरकणारा अरुंद पलंग, आणि त्या पलंगावर दोन्ही हात डोक्यामागे घेऊन उताणा पडलेला पासष्ट वर्षांचा एक माणूस. त्याचे डोळे मिटलेले नाहीत. तो छतावरचा दिवा न्याहाळतो आहे.

सन दोन हजार सोळा, पुणे. पलंगावरचे ते गोपाळकृष्ण गावंडे. नाटकवाल्यांचे गोपाळराव. चाळीस वर्षं त्यांनी आम्हा नटनट्यांवर उजेड टाकला, आणि नाटकाच्या जाहिरातीत त्यांचं नाव कधी आलं असेल तर ते सर्वांत खाली, सर्वांत बारीक अक्षरात.

त्या खोलीच्या दारावर पाटी होती: ‘नातेवाइकांनी आत येऊ नये. फक्त दोनच मिनिटं म्हणणाऱ्यांनीही येऊ नये.’ त्यामुळे गोपाळरावांची बायको प्रेमला आणि मी दाराच्या फटीतून बघत होतो. पलंगावर आडवं होण्याआधी गोपाळरावांनी तिथल्या तंत्रज्ञाला सुचवलं होतं, की छतावरचा दिवा थेट पेशंटच्या डोळ्यांत येतो, तो हातभर मागे घ्यावा. तंत्रज्ञ सुई टोचता टोचता म्हणाला, “आजोबा, दिवा आमचा, किडनी तुमची. आपापलं सांभाळू या.”

प्रेमला हसली नाही. तिच्या पदराखाली, पोटात उजवीकडे, गोपाळरावांची दुसरी किडनी सोळा वर्षं बिनतक्रार काम करत होती.

आता थोडं मागे जाते. माझ्या वयाच्या माणसाला मागे जायची सवयच असते, आणि गोपाळरावांचं आयुष्य मागून पाहिल्याशिवाय नीट दिसत नाही.

ते मूळचे वर्धा जिल्ह्यातले. त्र्याहत्तर साली खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी लागली म्हणून पुण्यात आले. राहायला कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या. सकाळी कारखाना, संध्याकाळी नाटक. नाटकात काम करायची हौस नव्हती, पण एकदा कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दिवेवाला आला नाही म्हणून यांना उभं केलं, आणि मग ते कधी खाली बसलेच नाहीत. माझी त्यांची ओळख अठ्ठ्याहत्तर सालची. पहिल्या प्रयोगाआधी हा काळासावळा, बारीक माणूस विंगेत माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, तिसऱ्या अंकात तुम्ही डावीकडे दोन पावलं जास्त जाता. तिथं माझा उजेड नाही. तुम्ही थांबता का मी दिवा हलवू?”

मी नवी नवी नावारूपाला आले होते, आणि नव्या नटीला असतो तेवढा ताठा मला होता. मी म्हटलं, दिवा हलवा. त्यांनी हलवला. दुसऱ्या दिवसापासून मी थांबायला लागले.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, रंगमंचावर अंधारा कोपरा राहता कामा नये. नाटकात अंधार हवा असेल तर तो मुद्दाम केलेला हवा, राहून गेलेला नको. दुसरा नियम शिडीचा. वर चढणारा एक आणि खाली शिडी धरणारा एक, दोघं असल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही. कितीही घाई असो, तिसरी घंटा होवो, प्रेक्षक टाळ्या पिटोत. साताऱ्याला एका प्रयोगात त्यांचा एक सहकारी कुणी नसताना चार पायऱ्या चढला. पडला नाही, नुसता चढला. गोपाळरावांनी त्याला पुढचे तीन प्रयोग प्रेक्षागृहात बसवून नाटक बघायला लावलं. दिवेवाल्याला याहून मोठी शिक्षा नाही. तो सहकारी म्हणजे आनंद. आज त्याचा स्वतःचा दिव्यांचा व्यवसाय आहे, हाताखाली बारा माणसं आहेत, आणि त्या बाराही जणांना हा शिडीचा नियम पाठ आहे.

दोन हजार साली प्रेमलाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. गोपाळरावांची तिला जुळली. त्यांनी देऊन टाकली, आणि पाचव्या आठवड्यात बालगंधर्वच्या मागच्या दारातून आत येऊन विचारलं, आज दिवे कोण करतंय. मी रागावले तर म्हणाले, “एका दिव्यावर अख्खे अंक काढले आहेत जी आपण.” विदर्भातलं ते ‘जी’ पुण्यात इतकी वर्षं राहूनही त्यांच्या जिभेवरून गेलं नाही.

पुढे पुणं पालटलं. हडपसरला जिथे कांद्याची शेतं होती तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यांपैकी एकीत गोपाळरावांची मुलगी सृष्टी संगणकाच्या नोकरीला लागली. नाटकांचे प्रयोग कमी झाले, पण कंपन्यांची स्नेहसंमेलनं वाढली. तिथे नाच, गाणी, साहेबांची भाषणं. उजेड सगळ्यांनाच लागतो. निवृत्तीनंतर गोपाळराव आनंदबरोबर अशा कार्यक्रमांना जात. हॅलोजन गेले, एलईडी आले, उजेड कमीजास्त करायची डिमरची दांडी गेली, लॅपटॉप आला. ते लॅपटॉपही शिकले. शिकवणारी सृष्टी. ती म्हणायची, बाबा, चुकलं तर अंडू करता येतं, केलेलं मागे घेता येतं, घाबरू नका. ते म्हणायचे, आमच्या नाटकात अंडू नव्हतं म्हणून आम्ही नीट करायचो.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात रक्तदाब वाढला म्हणून नेहमीची सोनोग्राफी झाली. उरलेल्या उजव्या किडनीत, आत खोलवर, लिंबाएवढा गोळा दिसला.

एकच किडनी, आणि तिच्यात गोळा. सोनोग्राफीवाले म्हणाले, आतलं पाणी स्वच्छ दिसत नाही, गढूळ आहे, सीटी करा. सीटी झाला. किडनीच्या गोळ्यांचं असं असतं, म्हणजे मला तेव्हा जेवढं समजलं तेवढं सांगते. नुसतं पाणी भरलेली पिशवी असेल तर काळजी नाही, ती पिकल्या वयात पुष्कळांना असते. पण भरीव गाठ असेल तर ती बहुतेकदा कर्करोगाची. ओळखायचं कसं, तर शिरेतून आयोडीनचं औषध सोडतात, ते रक्ताबरोबर सगळीकडे जातं. गाठ रक्तावर पोसलेली असते, म्हणून ती औषधानंतर उजळते. पिशवीत रक्त फिरत नाही, ती उजळत नाही.

गोपाळरावांचा गोळा औषधानंतर किंचित उजळला होता. धड नाही म्हणावं इतका कमी नाही, हो म्हणावं इतका जास्त नाही.

शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मोठे होते, भले होते, पण बोलणं तोडून टाकणारं. त्यांनी सांगितलं की गोळा मुख्य रक्तवाहिनीला चिकटून आहे. तेवढाच काढायचा प्रयत्न करता येईल, पण बहुधा अख्खी किडनी जाईल आणि मग आयुष्यभर आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस. सुई घालून तुकडा काढून बघावा, तर एकुलत्या एका किडनीत रक्तस्राव व्हायची भीती. एमआरआय करावा, तर गोपाळरावांच्या डोळ्याजवळ लोखंडाचा कण रुतलेला, दिव्याचा आकडा घासताना उडालेला, कैक वर्षांपूर्वीचा. लोहचुंबकाच्या यंत्रात त्यांना घालता येईना.

मग डॉक्टरांनी कागद समोर ओढून विचारलं, अलीकडे कुठे मार लागला होता? पडलात? लघवी लाल झाली होती?

गोपाळराव म्हणाले, “नाही जी.”

हे मी स्वतः ऐकलं, कारण मी बाजूच्याच खुर्चीत होते. चाळीस वर्षं त्यांचा शब्द मी डोळे मिटून मानला होता. अंधारात, उंच पायरीच्या कडेवर, ते म्हणाले की पुढे या, तर मी पुढे गेले होते. तेव्हा मी हाही मानला.

शस्त्रक्रियेची तारीख पंधरा दिवसांनंतरची ठरली. त्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. प्रेमला गहू निवडत होती. गोपाळराव गॅलरीत दिव्याची जुनी पेटी पुसत होते. प्रेमला ताटावरून मान वर न करता, पण त्यांना ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाली, “ताई, मी यांना सांगितलं, तुमची वस्तू तुम्ही परत घ्या. सोळा वर्षं नीट वापरली आहे, एक ओरखडा नाही.”

गॅलरीतून उत्तर आलं, “दिलेली वस्तू परत घ्यायची पद्धत आमच्याकडे नाही.”

“तुमच्याकडे कुठल्या पद्धती आहेत ते लग्नात पाहिलंय मी. आहेरातली परातसुद्धा मोजून घेतली होती.”

ते हसले. ती हसली. मग ताटात गव्हाचे दाणे सरकवल्याचा तेवढा आवाज येत राहिला.

वाट काढली ती सृष्टीने. तिच्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा गट इस्पितळातल्या चित्रांचं सॉफ्टवेअर सांभाळायचा. तिच्याकडून कळलं की शहरात एके ठिकाणी नव्या तऱ्हेचा सीटी आला आहे, स्पेक्ट्रल म्हणतात त्याला. सृष्टीने मोठ्या डॉक्टरांना फोन करून सरळ विचारलं. त्यांनी कुरकुर केली नाही. म्हणाले, मला कापायची घाई नाही, उत्तर मिळणार असेल तर जरूर करा. तोडून बोलणाऱ्या माणसांचं हे एक बरं असतं, पटलेलंही ती तसंच एका वाक्यात मान्य करतात.

तर असे आम्ही त्या काचेच्या खोलीपाशी आलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव भाग्यश्री. वय तिशीच्या जेमतेम पुढे. तपासणीआधी तिने गोपाळरावांना समोर बसवलं आणि समजावायला घेतलं. म्हणाली, काका, क्ष-किरण सगळे एका ताकदीचे नसतात. काही सौम्य, काही कडक. नेहमीचा सीटी त्यांची गोळाबेरीज करून एकच करडं चित्र काढतो. त्यात दाट रक्त आणि थोडं आयोडीन सारखंच करडं दिसू शकतं. आमचं यंत्र सौम्य आणि कडक किरण वेगवेगळे मोजतं. आयोडीन त्या दोघांना अगदी निराळा प्रतिसाद देतं. त्यावरून संगणक फक्त आयोडीनचं चित्र वेगळं काढू शकतो.

ती पुढे आणखी सोपं करायला शब्द शोधत होती. गोपाळराव खुर्चीत पुढे सरकले. गेल्या महिन्याभरात मी त्यांना असं सरकताना पाहिलं नव्हतं.

“म्हणजे एकाच साडीवर दोन रंगांचे दिवे टाकून बघता तुम्ही.”

तिला कळलं नाही. मला मात्र लगेच कळलं, कारण ती साडी माझी होती.

ब्याऐंशी सालचं नाटक. त्यात मी नवऱ्याचा खून करून आलेली बाई. पहिला अर्धा अंक माझ्या पांढऱ्या साडीवर डाग दिसायचा नाही, आणि मग मी जागची न हलता, पदर न बदलता, सगळ्यांसमोर डाग उमटायचा. लोक दचकून पुढे वाकायचे. ती करामत गोपाळरावांची. डाग पहिल्यापासून होता, लाल रंगाचा. वर लाल जिलेटिन लावलेला दिवा असला की पांढरी साडी लाल दिसे आणि लाल डाग तिच्यात विरून जाई. ते हळूच लाल दिवा उतरवत आणि निळा चढवत. साडी निळी होई, आणि डाग काळाकुट्ट होऊन वर येई.

हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना टेबलावरच्या पेनांनी आणि माझ्या पदराच्या टोकाने करून दाखवलं. एका दिव्यात जे दोन रंग एकच वाटतात, ते दुसऱ्या दिव्यात वेगळे पडतात. आधीच्या सीटीत एकच दिवा होता, म्हणून डाग कळेना.

भाग्यश्रीने पदराचं ते टोक स्वतः पेनाखाली धरून पाहिलं. मग म्हणाली, “काका, पुढच्या पेशंटला मी हेच सांगणार आहे.”

“सांगा. पण साडी पांढरी घ्या जी. पिवळीवर जमत नाही.”

औषधही कमी लागेल, असं तिने सांगितलं. या यंत्रात सौम्य किरणांच्या चित्रावर थोडं आयोडीनही ठळक दिसतं, आणि एकट्या किडनीवर जितका कमी बोजा तितका बरा. ते ऐकून प्रेमलाने माझा हात पहिल्यांदा सोडला.

आता पुन्हा पहिल्या दृश्यावर या. काच. पांढरं कडं. यंत्रातून एक बाई ध्वनिमुद्रित आवाजात श्वास रोखायला सांगते. गोपाळराव श्वास रोखतात. अंधारात जागचं हलायचं नाही हे आम्हा नाटकवाल्यांच्या हाडात मुरलेलं असतं. पलंग सरकतो, थांबतो, परत येतो. सगळं मिळून एखाद्या नांदीहूनही छोटं.

अर्ध्या तासाने भाग्यश्रीने आम्हाला आत बोलावलं. पाटी दारावरच राहिली. सृष्टी हडपसरहून गाडी काढून पोचली होती, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. पडद्यावर पोटाचं आडवं चित्र होतं, पण करडं नव्हतं. जिथे जिथे आयोडीन पोचलं तिथे तिथे केशरी. मोठी रक्तवाहिनी केशरी. किडनी तर अशी पेटलेली, की दसऱ्याच्या झेंडूचा ढीगच. आणि त्या किडनीच्या आत, लिंबाएवढा, एक काळा गोल.

मला वाटलं, काळं म्हणजे वाईट. प्रेमलालाही तसंच वाटलं असणार, तिने खुर्चीची पाठ धरली. गोपाळराव मात्र खोलीतला दिवा बंद करायला सांगून पडद्याच्या अगदी जवळ गेले. त्या काळ्या गोलाची कड न कड त्यांनी पाहिली, जशी ते नेपथ्याची कड बघत, कुठून उजेड झिरपतो का. मग मागे वळून त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, “आत काहीच पोचलेलं नाही?”

“काहीच नाही,” ती म्हणाली. “कडेलाही नाही, आत पडदा तयार झालेला नाही, गाठ नाही. ही गाठ असती तर उजळली असती. आधीच्या सीटीत किंचित उजळल्यासारखं वाटलं, तो भोवतीच्या पेटलेल्या किडनीमुळे झालेला भास. आयोडीन वजा करून पाहिलं तरी आतला द्रव दाटच आहे. काका, ही पिशवीच आहे. आत जुनं, साकळलेलं रक्त आहे.”

अंधारा कोपरा राहिला म्हणून आनंदाने रडलेली माणसं मी त्या दिवशी पाहिली. त्यांत मीही होते, आणि ग्लिसरिन न लावता. मोठ्या डॉक्टरांना तिथूनच फोन झाला. त्यांनी चित्रं स्वतःच्या पडद्यावर मागवून घेतली, दहा मिनिटांनी उलट फोन केला, आणि शस्त्रक्रियेची तारीख रद्द केली. सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर रक्तदाबाची गोळी वेळेवर. बस.

पण भाग्यश्रीचं संपलं नव्हतं. ती कागदावर काहीतरी लिहीत होती. न रागावता, अगदी सहज म्हणाली की रक्त पिशवीत आपोआपही उतरतं कधी कधी, पण बहुधा मार लागलेला असतो. आधीच्या कागदावर तर मार नाही असं लिहिलं आहे. तेव्हाच कळलं असतं तर जुन्या रक्ताचा संशय पहिल्याच दिवशी आला असता. तपासणी टळली नसती, पण थेट शस्त्रक्रियेची तारीख कुणी घेतली नसती.

प्रेमलाने नवऱ्याकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात बायकोला जे कळतं ते कळायला कुठलं यंत्र लागत नाही.

“अहो,” ती म्हणाली. “केव्हा पडलात?”

गोपाळरावांनी चष्मा काढून सदऱ्याने पुसला. मग सांगितलं. फेब्रुवारीत, हडपसरला एका कंपनीचं स्नेहसंमेलन होतं. आनंदची माणसं चहाला गेलेली. एक दिवा साहेबांच्या भाषणाच्या जागेवर नीट पडत नव्हता, हातभर सरकवायचा होता. हातभरच. शिडी उभी होती, खाली कुणी नव्हतं. ते चढले. उतरताना शिडी घसरली आणि स्पीकरच्या खोक्याच्या कडेवर उजवी कूस आपटली. माणसं चहाहून आली तेव्हा ते उठून, धूळ झटकून, उभे होते. दोन दिवस लघवी लालसर झाली. मग थांबली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सृष्टीने कपाळावर हात मारला. “बाबा, सीरियसली? किडनी गेली असती.”

का नाही सांगितलं, हे कुणी विचारलं नाही. मला तर विचारायची गरजच नव्हती. साताऱ्याचे ते तीन प्रयोग मला आठवत होते, आणि प्रेक्षागृहात पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलेला आनंदही. ज्याने चाळीस वर्षं सगळ्यांना शिडीचा नियम शिकवला, तो स्वतः एकटा चढला होता. एवढं बोलण्यापेक्षा त्याला किडनी गमावणं सोपं वाटलं होतं.

प्रेमला रागवेल असं मला वाटलं. तिने पर्समधून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं आणि त्यांच्या हातात दिली. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलंय, एवढंच म्हणाली. ते अर्धी बाटली प्यायले. उरलेली तिच्याकडे दिली, तीही प्यायली. एकमेकांच्या किडनीची काळजी त्या दोघांनी तिथे उभ्या उभ्या घेतली.

बाहेर पार्किंगमध्ये आलो. ऊन होतं. सृष्टी गाडी काढायला गेली. गोपाळराव गुलमोहराच्या सावलीत थांबले, खिशातून फोन काढला, चष्मा वर करून नंबर शोधला. मला वाटलं, बातमी सांगायला कुणा नातेवाइकाला लावताहेत. पलीकडून आनंदचा आवाज मलाही ऐकू आला, तो घाबरून विचारत होता, काय झालं, काय सांगितलं डॉक्टरांनी. गोपाळरावांनी आधी त्याला शांत केलं, गाठ नाही म्हणून सांगितलं. तो पलीकडे ओरडला बहुतेक, कारण त्यांनी फोन कानापासून लांब धरला.

मग पुन्हा कानाला लावला. पाठ ताठ केली, जशी ते तिसऱ्या घंटेला करायचे, आणि म्हणाले, “आनंद, ऐक. फेब्रुवारीत तुझी माणसं चहाला गेली तेव्हा मी एकटा शिडी चढलो, आणि पडलो. उद्या सगळ्यांना बसवून हे सांग. आणि माझं नाव घेऊन सांग.”